आईचं नाक आणि माझी पद्मिनी

दसरा जवळ आला की माझ्या गाडीला वास येऊ लागतो. पाऊस संपलेला असतो, हवेत ओल तशीच असते आणि वर ऊन असं पडतं की डोंबिवलीची माणसं एकमेकांना नमस्कार करायच्या आधी ‘काय ही ऑक्टोबर हीट’ म्हणतात. गाडी दिवसभर उन्हात तापते. संध्याकाळी दार उघडलं की आतून एक कोमट, कुबट भपकारा येऊन तोंडावर बसतो. आता तो पूर्वीइतका राहिलेला नाही, ज्याला ठाऊक नाही त्याला कळणारही नाही. पण मला ठाऊक आहे. काल दार उघडलं आणि मग माणकोलीचा पूल येईपर्यंत मला तो एकच ऑक्टोबर आठवत राहिला. माझी आयुष्यातली पहिली गाडी मी तेव्हा रोज चालवत होते आणि रोज मला तिची किळस येत होती.

किळस हा आमच्या घराण्याचा गुण आहे. कुणाच्या घराण्यात गाणं असतं, कुणाच्या गणित, कुणाच्या पिढीजात दमा असतो. आमच्याकडे नाक आहे. ते माझ्या आईकडे पूर्ण आलं आणि माझ्याकडे अर्धंमुर्धं. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, घरात आम्ही दोघीच. आई शाळेत मराठी शिकवायची आणि वासाच्या बाबतीतही ती शिक्षिकाच होती. मी लहानपणी ‘वास येतोय’ म्हटलं की ती विचारायची, ‘कसला? नीट सांग.’ बंद खोलीचा तो कोंदट, पावसात न वाळलेल्या कपड्यांचा कुबट, जुन्या शेंगदाण्यांचा खवट, नीट न घासलेल्या पातेल्याचा ओशट. एकाच्या जागी दुसरा शब्द वापरलेला तिला खपायचा नाही. संध्याकाळी केमिकल कंपन्यांच्या बाजूने वारा सुटला की सगळी डोंबिवली नुसती खिडक्या लावून घ्यायची. आई खिडकी लावता लावता सांगायची, ‘आज सडक्या कोबीचा नाही हं, आज नेलपॉलिशचा आहे.’ वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकांनी सिगरेट सोडल्याचं त्यांच्या बायकोला सांगितलं होतं. आईला त्यांनी ते सांगायचं धाडसच केलं नाही.

अशा नाकाच्या बाईला बाहेरचं जग म्हणजे शिक्षाच असते. रिक्षाच्या सीटवर ती घरून आणलेला पंचा अंथरायची. बसमध्ये कुणाचं अत्तर असह्य झालं म्हणून ती मधल्याच स्टॉपला उतरून चालत घरी यायची. पायांत बळ होतं तोवर हे चाललं. निवृत्तीनंतर गुडघे गेले आणि आई घरात बसली. तिची धाकटी बहीण, सुमनमावशी, कल्याणला राहते. इथून कल्याण म्हणजे हाकेच्या अंतरावर, पण दोघी बहिणी फोनवरच भेटायच्या. ‘ती रिक्षा नको गं बाई,’ आई म्हणायची, ‘मागच्या माणसाने त्या सीटवर काय काय सांडलेलं असतं.’

म्हणून मला गाडी घ्यायची होती. हौस म्हणून नाही आणि प्रतिष्ठा म्हणून तर अजिबातच नाही. आमची स्वतःची, स्वच्छ, कुणी न थुंकलेली अशी एक जागा, जिच्यात आई बसेल आणि बहिणीला भेटायला जाईल, एवढंच माझं म्हणणं होतं. आता कुणीही म्हणेल, मग शोरूममध्ये जाऊन नवी घ्यायची. मामेभावाने नवी घेतली तेव्हा त्याने आईला मोठ्या कौतुकाने फिरायला नेलं होतं. त्या गाडीत नव्या प्लॅस्टिकचा वास, त्यावर अननसाचा सेंट आणि काचा बंद करून लावलेला एसी. शिळफाट्याला आईला उलटी झाली. घरी येऊन तोंड धुताना ती म्हणाली, ‘पूर्वीच्या टॅक्सी बऱ्या होत्या. खिडकी अख्खी खाली व्हायची. रेक्झिनला तर काही वासच नसायचा.’ तिने सहज म्हटलं आणि ती विसरून गेली. माझ्या मात्र डोक्यात ते किड्यासारखं शिरलं.

पद्मिनी, म्हणजे तीच पूर्वीच्या टॅक्सींची गाडी, मला शहाडला मिळाली. एका घरामागच्या शेडमध्ये, भंगार कपाटं आणि गणपतीच्या मखराच्या मागे ती उभी होती. नदी तिथून फार लांब नाही. विकणारे काका गळ्याला चिमटा घेऊन सांगत होते, ‘पाणी टायरपर्यंतच आलेलं, ताई. देवाशपथ. वर नाय आलं.’ आईला मी मुद्दाम बरोबर नेलं होतं. ती शेडच्या बाहेर उभी राहिली, आत पाऊलही टाकलं नाही. पदर नाकाला लावून दोन श्वास घेतले आणि वर्गात शिकवल्यासारखी बोलली, ‘पाणी सीटच्या वर गेलेलं आहे. आतला काथ्या कुजलाय. गाळ साधा नाही, त्यात डिझेल आहे.’ काका मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘तुमच्या आई काय पोलिसात होत्या काय हो?’

आईचं निदान बरोबर आहे हे मला ठाऊक होतं आणि तरी मी गाडी घेतली. पुढची सीट अखंड होती, बाकासारखी, आई आणि मी शेजारी शेजारी बसू अशी. खिडक्या अख्ख्या खाली जात होत्या. आई वाटेत म्हणाली, ‘घेतलीस तर घेतलीस. पण त्या काथ्यासकट माझ्या दारात आणू नकोस. मी बसणार नाही.’

ती गाडी बाळकुमला म्हात्रे मेस्त्रींकडे गेली. मेस्त्रींच्या वाडवडिलांची तिथे भातशेती होती. आता शेतावर टॉवर आहेत, आणि टॉवरच्या कुंपणाला लागून राहिलेल्या एका तुकड्यावर पत्रा टाकून मेस्त्री जुन्या गाड्या दुरुस्त करतात. पोटासाठी करायची त्यांना गरज नाही, आणि म्हणूनच ते कामाला हात लावतील तेव्हा लावतील. माव्याने गाल फुगलेला. थुंकायला रंगाचा रिकामा डबा, आणि तो डबा नेहमी मी जिथे बसायचे तिथेच. त्या डब्याकडे न बघता त्यांच्याशी बोलायला मी महिनाभर शिकत होते. गाडी बघून ते म्हणाले होते, ‘बाय, ही गाडी नाय, हा तबेला हाय.’

जुन्या गाड्यांबद्दल जे लोक हळवे होऊन लिहितात, त्यांनी एकदा पुरात बुडालेल्या गाडीचा तळ उपसावा. खालची चटई ओढली तर ती ओल्या भाकरीसारखी तुटून हातात आली. तिच्याखाली काळा चिकट थर, त्यात वळवळणारं काहीतरी, आणि पत्रा असा गंजलेला की बोट आरपार गेलं. दारांची आतली झाकणं काढली तेव्हा दाराच्या पोटातून वाळलेला गाळ, गोगलगायींची टरफलं आणि कुणा लहान मुलाची एकच चप्पल निघाली. हवा यायच्या झडपेत झुरळांनी संसार थाटले होते. तो अख्खा उन्हाळा मी रविवार आला की बाळकुमला जाऊन पॉलिश पेपरने गंज घासला. नखांत लालसर चिखल, केसांत पुट्टीची भुकटी, अंगाला रॉकेल. घरी आले की आई दार उघडायची आणि बोटाने थेट बाथरूम दाखवायची. डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाय ठेवायची सोय नव्हती.

नवा तळ बसला, इंजिन उघडून झालं, पिस्त्यासारखा फिकट हिरवा रंग लागला. सीटचं काम मेस्त्रींच्या ओळखीच्या एका सीटवाल्याने केलं. गर्द तपकिरी रेक्झिन, टाक्यांच्या सरळ रेघा. गणपती झाल्यावर मी गाडी घेऊन बाळकुमहून निघाले आणि स्टिअरिंगला असलेल्या त्या गिअरच्या दांड्याशी झटत, घामाने निथळत, डोंबिवलीला आले. सोसायटीतली माणसं गोळा झाली. आणि तिथपासून मला माणसांचाही उबग यायला लागला.

कारण अशी गाडी तुमची एकटीची नसते. पन्नाशीच्या वरच्या प्रत्येक पुरुषाची ती आधी असते. सिग्नलला उभं राहावं तर शेजारचा स्कूटरवाला खिडकीतून डोकं आत घालून सांगणार, ‘आमच्या काकांकडे होती ना ही! काय दिवस होते!’ सांगताना हात गाडीच्या टपावर, त्या हातात वडापावचं तेल. कुणी बॉनेटवर पोर बसवून फोटो काढणार, कुणी न विचारता दार उघडून आत बसणार आणि डोळे मिटून म्हणणार, ‘आहाहा, तोच फील.’ दाराच्या पोटातून निघालेली चप्पल मी यांच्या हातात द्यायला हवी होती, असं मला फार वाटायचं. एका रविवारी जुन्या गाड्यावाल्यांच्या मेळाव्याला गेले. तिथे सगळे टोप्या घालून मिसळ खात होते आणि ज्या गाड्या ट्रेलरवर चढवून आणल्या होत्या त्यांच्याशेजारी उभे राहून रस्त्यावरच्या स्वातंत्र्याबद्दल बोलत होते. मी गाडीने रोज ऑफिसला जाते असं सांगितल्यावर एकाने अशा चेहऱ्याने बघितलं, जसं काही मी देव्हाऱ्यातल्या समईवर चहा उकळते. मी मिसळ अर्धी टाकून निघाले.

रोज जाणं म्हणजे काय, तर पुढे डंपर, मागे डंपर, मधे मी. एसी नाही, म्हणून खिडक्या उघड्या, आणि उघड्या खिडकीतून सगळं ठाणे जिल्ह्याचं वातावरण मांडीवर. काट्याने लाल रेघ गाठली की हीटर लावायचा, म्हणजे इंजिनाची आग आपल्या पायांवर येते आणि इंजिन थंड होतं. ऑक्टोबरच्या उन्हात, जॅममध्ये, हीटर लावून बसलेली बाई मी एकटीच असेन. एकदा एका बसच्या खिडकीतून पिचकारी आली आणि माझ्या पिस्त्यावर ओघळली. मी पुढे जाऊन बसला आडवी गाडी घातली आणि ड्रायव्हरला नको ते बोलले. तो बिचारा म्हणाला, ‘मॅडम, मी थुंकलो काय? माझ्या तोंडात तर लवंग आहे.’

हे सगळं मी सोसलं असतं. पण गाडीला वास येत होता. पहिले काही दिवस नव्या रेक्झिनचा आणि गोंदाचा होता, तो विरला आणि खालून हा वर आला. पाऊस थांबला, ऊन तापलं, तसा तो फुगत गेला. ओलसर, गोडसर, मेलेला. मी मेस्त्रींना फोन केला तर ते म्हणाले, ‘वास काय इंजनाचा पार्ट हाय काय, बदली करायला?’ मग उपाय सुरू झाले. कुणी म्हणालं कॉफीची पूड ठेवा, ठेवली. कोळसे ठेवा, ठेवले. कापूर झाला, खायचा सोडा झाला, चिरलेली लिंबं झाली, सोसायटीतल्या एका बाईंनी छातीठोकपणे सांगितलं म्हणून रात्रभर कांदे कापून ठेवले. सकाळी गाडीतून मेलेल्या माणसाने कॉफी पिऊन कांदाभजी खाल्ल्यासारखा वास आला. ऑफिसात मैत्रिणी माझ्या शेजारून जाताना श्वास धरायच्या, हे मला दिसत होतं.

रोज संध्याकाळी मी आले की आई लिफ्टने खाली यायची. दार उघडून डोकं आत घालायची, मग वळून माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, ‘येतोय अजून.’ आणि वर निघून जायची. ती पाऊल आत टाकत नव्हती. मी हट्टाला पेटले होते. दुसऱ्या कुठल्याही माणसाने ‘चालतंय गं’ म्हटलं असतं तर मला पुरलं नसतं. वास गेला हे आईच्या नाकाने सांगायला हवं होतं. एवढ्यासाठीच मी गाडी घेतली होती. एक गोष्ट तेव्हा खटकली होती, पण मी ती मनावर घेतली नाही. शहाडला जिने गाळातलं डिझेल ओळखलं, ती आता नुसतं ‘येतोय’ म्हणत होती. कसला, ते सांगत नव्हती. मला वाटलं, आई रागावली आहे. त्याच सुमारास एकदा मी लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकलं तर जिनाभर करपट वास. दूध जळून पातेलं काळं झालं होतं आणि आई स्वयंपाकघराला लागूनच्या खोलीत वाचत बसली होती. ‘पुस्तकात होते गं,’ ती म्हणाली. मला ते पटलं, कारण पुस्तकात ती खरंच असते.

दसऱ्याच्या आठवड्यात मला सर्दी झाली. अशी की चहा आणि गरम पाणी यांतला फरक कळेना. आदल्या दिवशी मी गाडी शेवटची धुतली, चारही दारं उघडून उन्हात ठेवली. सकाळी झेंडूचं तोरण बांधलं. आई पूजेचं तबक घेऊन खाली आली. श्रावणात तिला साथीचा ताप येऊन गेला होता, त्यानंतर ती जरा वाळली होती. नवी साडी अंगावर सैल वाटत होती. तिने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ वाढवला. मी म्हटलं, ‘आई, माझं नाक ठार बंद आहे. आता तूच सांग, गेला का वास?’

तिने दार उघडलं. डोकं आत घातलं. मग वळून माझ्याकडे बघितलं, चांगलं बराच वेळ. सर्दीने माझा चेहरा सुजलेला होता, त्यावर दुसरं काही नव्हतं.

‘गेला गं,’ ती म्हणाली. ‘अगदी गेला.’

आणि ती गाडीत बसली. पंचा न अंथरता बसली. मी धावत पलीकडून जाऊन बसले, चोक ओढला, गाडीही त्या दिवशी एका फटक्यात सुरू झाली. एवढा आनंद मला नोकरी लागली तेव्हा झाला नव्हता. आईने काच पूर्ण खाली केली, कोपर खिडकीत टेकवलं. नव्वद फुटी रस्त्यावर तिचे केस उडत होते आणि ती मोठमोठ्याने पाट्या वाचत होती. इतक्या वर्षांत किती दुकानं बदलली याचं तिला नवल वाटत होतं. पत्री पुलावर गाडी अडकली, बाजूला कचऱ्याचा ट्रक उभा राहिला, मी सवयीने तिच्याकडे बघितलं. ती झेंडूचे ढीग बघत होती. म्हणाली, ‘या सीटवर किती ऐसपैस वाटतं नाही?’ मला वाटलं, आनंदात माणूस वास विसरतो.

कल्याणला सुमनमावशी खाली उभीच होती. बहिणी भेटल्या, आपट्याची पानं दिली-घेतली, दोघींचे डोळे भरले. दुर्गाडीच्या देवीला जाऊन येऊ असं ठरलं आणि मावशी मागच्या सीटवर बसली. दार लावलं आणि ती जवळजवळ किंचाळलीच.

‘अगं बाई! काय मेलंय इथे? शी शी शी, थांबव, उतरू दे मला!’ ती रस्त्यावर उतरून पदराने तोंड पुसत उभी राहिली. मग वाकून पुढच्या खिडकीतून आत बघितलं. ‘ताई, तू डोंबिवलीहून यात बसून आलीस?’

‘मला सर्दी आहे, मावशी,’ मी घाईने म्हटलं.

‘तुला आहे. हिला काय झालंय?’

आईने तेव्हा पदर नाकाला लावला. इतक्या उशिरा, इतक्या सावकाश. मी आईकडे बघत होते आणि आई माझ्या तोंडाकडे.

दुसऱ्या दिवशी मी गाडी बाळकुमला नेली. मेस्त्रींनी मागची सीट उपटून बाहेर काढली आणि सुरी लावून नवं रेक्झिन फाडलं. आत तोच, शहाडचा, काळा पडलेला काथ्या होता. सीटवाल्याने पुढची सीट नव्याने भरली होती आणि मागच्या सडक्या काथ्यावर नुसतं नवं कापड चढवलं होतं. काथ्यात एक उंदरीण होती. पिल्लांसकट. कधीची मेली असेल कोण जाणे, तिच्या अंगावर जे चाललं होतं ते मी इथे लिहीत नाही. मी कुंपणाजवळ जाऊन ओकले. मेस्त्री मात्र तसेच वाकून बघत उभे. मला त्यांचा असा संताप आला. म्हटलं, ‘मेस्त्री, इतके दिवस गाडी तुमच्याकडे होती, तुम्हाला काहीच वास आला नाही?’

ते म्हणाले, ‘लहान होतो तवापासून तंबाखू खातंय मी. मना कसला वास येतंय?’ आणि डब्यात थुंकले.

परत येताना मागची सीट नसलेली गाडी रिकाम्या डब्यासारखी वाजत होती. आई काल या सगळ्यात बसून हसत होती, पाट्या वाचत होती. घरी आले तेव्हा ती भाजी निवडत होती. मी चपलाही काढल्या नाहीत.

‘कधीपासून?’

तिने न समजल्याचं सोंग केलं नाही. ‘श्रावणातल्या तापानंतर. आधी वाटलं सर्दी आहे, येईल परत.’

‘मग रोज खाली येऊन येतोय, येतोय म्हणत होतीस ते?’

‘तुझ्या तोंडाकडे बघून. तू नाक मुरडून उभी असायचीस. म्हणजे येत असणार.’ ती भाजीच्या काड्या वेगळ्या करत राहिली. ‘काल तू नाक मुरडलं नाहीस.’

मी चिडले. दूध, गॅस, डॉक्टर, काय काय बोलले. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘काय सांगू गं? मला लोक नाकावरून ओळखतात. ते गेलं म्हटल्यावर उरलं काय, गुडघे?’ ती हसली, पण मला हसू आलं नाही. मला एवढं वाईट वाटलं की मी तशीच खाली जाऊन गाडीत बसले. पण गाडीतही बसवेना.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, नाकात नळी घालून बघितलं. नाक परत येईल कदाचित, म्हणाले, नाही येणार कदाचित. गॅसची काळजी घ्या. आलं नाही. मागच्या सीटला फोम भरून घेतला, या वेळी समोर उभं राहून. जुना काथ्या मेस्त्रींनी जाळला आणि टॉवरमधल्या लोकांनी धुराची तक्रार केली.

आता आई माझ्या गाडीत बसते. कुठेही बसते खरं तर, रिक्षातही, बसमध्येही. पंचा कपाटात पडून आहे. मला जे हवं होतं ते मिळालं आणि मला ते बघवत नाही. विठ्ठलवाडीच्या नाल्यावरून जाताना माझा जीव गुदमरतो आणि ती शेजारी बसून शांतपणे आवळा सुपारी चघळते. तिने जग स्वच्छ करून घेतलंय असं आधी वाटलं होतं. तसं नाही. तिची किळस गेली नाही, ती आत वळली. ती दोनदा आंघोळ करते, तीनदाही. एकदा नेसलेली साडी लगेच भिजत टाकते. आणि पावडर. आणि अत्तर, मोगऱ्याचं, स्वस्तातलं, कानामागे, मनगटावर, पदराला. अत्तरवाल्या बाईमुळे बसमधून उतरणारी माझी आई आता लिफ्टमध्ये शिरली की लोक पुढच्या फेरीची वाट बघतात. मला ती शेजारी बसली की डोकं उठतं. खरं सांगते, मला शिसारी येते. आईची शिसारी येते हे वाक्य लिहितानाही हात अडखळतो, पण येते. मी खिडकी उघडते आणि काही बोलत नाही. वर्षभर मी काही बोलले नाही.

आज सकाळी मावशीकडे निघालो. पार्किंगमध्ये ऊन आलं होतं, दार उघडल्यावर तो जुना वास आला, मग आई बसली आणि मोगऱ्याने तो गिळून टाकला. मी चोक ओढणार तेवढ्यात ती समोर बघत म्हणाली, ‘एक विचारू? माझ्या अंगाला वास येतो का गं? म्हातारपणाचा? मला कळत नाही आणि कुणी सांगणार नाही.’

नाही म्हणणं सोपं होतं. ते म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. पहिल्यांदाच तिने माझ्या चेहऱ्यावरून उत्तर वाचलं नाही, विचारलं. मी त्या लांब सीटवरून सरकत तिच्यापर्यंत गेले आणि तिच्या मानेशी नाक नेलं. लहानपणी जायचे तशी. मोगरा घशात गेला, डोळ्यांत पाणी आलं, तरी मी श्वास घेतला. त्याच्या खाली पावडर, तिच्या खाली साबण. आणि सगळ्याच्या खाली, पदराच्या विणीत मुरलेला, ओळखीचा, ओला.

‘येतो,’ मी म्हटलं. ‘अत्तराचा येतो, भयंकर. मला मळमळतं. म्हातारपणाचा येत नाही. पण गाडीचा येतो. कुबट.’

तिने पाण्याची बाटली उघडली, रुमाल भिजवला आणि कानामागून, मनगटावरून, मानेवरून अत्तर पुसायला लागली. चांगलं खसाखसा.

‘हे जाऊ दे,’ ती म्हणाली. ‘गाडीचा राहू दे. तो तुझ्याही अंगाला येत असेल.’

मी हो म्हटलं आणि गाडी सुरू केली.